‘कोणीही चालेल’ या रकान्याबद्दल आभार

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र सगळ्यांसमोर लिहितोय. एकटीला पाठवलं असतं तर तुम्ही “आभार कसले, वेळ होता म्हणून बसले” असं म्हणून दोन ओळींत मिटवलं असतं. शिवाय त्या यादीवरून जे जे मला हसले, त्यांच्याही नजरेला हे पडावं, असा थोडा दुष्ट हेतूही आहे.

यादी आठवते ना? आडव्या कागदावर टाइप केलेली, तीन रकान्यांची. पात्र, वय, कलाकार. कादंबरीचा चौथा खर्डा अर्धवट, प्रकाशकाचा पत्ता नाही, सिनेमाचे हक्क विचारायला चिटपाखरूही फिरकलेलं नाही, आणि मी नटनट्यांच्या नेमणुका करून मोकळा. बाजारात तुरी म्हणतात ते हेच. तुम्ही सिनेमाच्या ऑडिशन घेता. ज्या मित्राने आपली ओळख करून दिली, त्याने आधीच बजावलं होतं, “यादी दाखवू नकोस, लहान मुलासारखं दिसेल.” मी दाखवली. तुम्ही चष्मा लावला आणि वरपासून खालपर्यंत शांतपणे वाचलीत. पहिले आभार त्या न हसण्याचे.

लिहिणारे हा खेळ गुपचूप खेळतात, कबूल कमी करतात. काहींनी तर तो उघडपणे खेळला. मारिओ पुझोने १९७० साली मार्लन ब्रँडोला पत्र घालून आपल्या कादंबरीतला ‘गॉडफादर’ तुम्हीच करू शकता असं कळवलं होतं. स्टुडिओ ब्रँडोच्या नावाला तयार नव्हता, तरी १९७२च्या चित्रपटात ब्रँडोच आहे. ट्रुमन कपोटीला आपल्या ‘ब्रेकफास्ट अ‍ॅट टिफनीज’च्या नायिकेसाठी, होली गोलाइटलीसाठी, मेरिलिन मन्रो हवी होती. १९६१ साली पडद्यावर आली ऑड्री हेपबर्न, आणि आता होली म्हटलं की दुसरा चेहरा कुणाच्या डोळ्यांसमोर येत नाही. अ‍ॅन राइसने आपल्या ‘इंटरव्ह्यू विथ द व्हॅम्पायर’ या कादंबरीच्या चित्रपटासाठी झालेल्या टॉम क्रूझच्या निवडीवर जाहीर नाराजी व्यक्त केली आणि १९९४ साली चित्रपट पाहिल्यावर तितक्याच जाहीरपणे त्याची तारीफ केली. हे सगळं मी तुम्हाला त्या दिवशी धडाधड सांगितलं, स्वतःची बाजू भक्कम करायला. तुम्ही म्हणालात, “हो, पण त्यांची पुस्तकं छापून झाली होती.”

मग तुम्ही डाव्या हाताचा पंजा तिसऱ्या रकान्यावर ठेवलात. सगळी नावं झाकली गेली. “आता एकेक माणूस सांगा. नट नको, माणूस सांगा.”

वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात: एक जुना फोटो स्टुडिओ बंद व्हायला आलाय. वडील शहात्तर वर्षांचे फोटोग्राफर, नजर जवळजवळ गेलेली. मोठा मुलगा जागा विकायच्या मागे. चव्वेचाळीस वर्षांची धाकटी मुलगी स्टुडिओचा काउंटर सांभाळते, आणि गोष्टही तीच सांगते. निगेटिव्हवर पेन्सिलीने बारीक काम करणारा एक म्हातारा रिटचर. आणि वहिनी, म्हणजे त्या मोठ्या मुलाची बायको.

वडिलांसमोर मी डॉ. श्रीराम लागू लिहिलं होतं. स्वप्नातल्या यादीत हयात असण्याची अट नसते, एवढी चैन मी करून घेतली होती. तुम्ही विचारलंत, “डॉक्टर कशासाठी?” मी म्हटलं, आवाज. “तुमचा म्हातारा बोलतो किती?” मी आठवून बघितलं. तो गिऱ्हाइकाला म्हणतो, “हनुवटी थोडी खाली. आता हलू नका.” बाकी सव्वातीनशे पानांत फारसं काही बोलतच नाही. वर जुना लाकडी कॅमेरा असल्यामुळे महत्त्वाच्या प्रत्येक प्रसंगात त्याचं डोकं काळ्या कापडाखाली. काचेवर उलटी पडलेली माणसं तो तिथून बघतो. तुम्ही म्हणालात, “म्हणजे चेहराही दिसत नाही, आवाजही नाही. मग नटाचं दिसणार काय?”

“हात,” मी म्हटलं.

“मग हात लिहिलेत का?”

नव्हते लिहिले. ऑडिशनला माणूस उभा राहिला की नाव, वय, उंची, डावी बाजू, उजवी बाजू आणि मग हात, दोन्हीकडून, असा तुमचा रोजचा क्रम. माझ्या फोटोग्राफरच्या हातांवर अख्ख्या कादंबरीत एक वाक्य नव्हतं. डॉक्टर लागूंचं नाव टाकलं की म्हातारा आपोआप भारदस्त होईल, असं मी धरून चाललो होतो. आता त्याच्या उजव्या अंगठ्याचं नख डार्करूममधल्या रसायनांनी कायमचं तपकिरी झालेलं आहे, आणि नजर गेल्यावर तो फिल्मचं गुळगुळीत आणि खरबरीत अंग त्याच अंगठ्याने ओळखतो. तीन ओळी आहेत फक्त, पण त्या तुमच्या.

मुलीसमोर स्मिता पाटील. तुम्ही पंजा उचलून नाव बघितलंत आणि बराच वेळ काही बोललाच नाहीत. ‘जैत रे जैत’ १९७७चा, ‘उंबरठा’ १९८२चा. ‘उंबरठा’ही शांता निसळांच्या ‘बेघर’ या कादंबरीवरूनच आलेला, म्हणजे कादंबरीतली बाई पडद्यावर कशी उभी राहते हे बघायला माझ्याकडे चांगला धडा होता. तुम्ही म्हणालात, “ती गेली तेव्हा एकतीस वर्षांची होती. चव्वेचाळीस वर्षांची स्मिता पाटील कुणी पाहिलेलीच नाही. तुम्ही ‘उंबरठा’तली बाई घेऊन तिचे केस पांढरे केलेत.”

हे मला फार लागलं, आणि खरंही होतं. माझी नायिका जिना दोन-दोन पायऱ्या चढत होती, रागावली की मान झटकत होती. चव्वेचाळिसाव्या वर्षी, रोज दहा तास काउंटरवर उभं राहणाऱ्या बाईची टाच दुखते, ती खुर्चीवरून उठताना आधी टेबलाला हात लावते, हे मला ठाऊक असूनही पानावर आलेलं नव्हतं. तिसऱ्या रकान्यातलं नाव मी काढलेलं नाही. ते काढवत नाही. पण त्या नावाकडे आता मी वेगळ्या उत्सुकतेने बघतो: ही त्या वयाची झाली असती तर कशी उठली असती?

रिटचरला निळू फुले, तिथे मात्र तुम्ही मान डोलावलीत. लोकांना निळूभाऊंचा तो बेरकी पाटीलच आठवतो. तुम्ही ‘सिंहासन’ काढलात, ज्यात ते पत्रकार झालेत. १९७९चा चित्रपट, अरुण साधूंच्या दोन कादंबऱ्यांवरून तेंडुलकरांनी लिहिलेला. “त्यात दिगू पत्रकार बहुतेक वेळ नुसता बघत असतो. बघणाऱ्या माणसाला नट मिळणं कठीण. तुमचा रिटचर बघणारा आहे. हा बरोबर लिहिलाय.” माझ्या अख्ख्या यादीला मिळालेली ही एकच शाबासकी, म्हणून शब्दशः लक्षात आहे.

मोठ्या मुलाच्या जागी एक आजचा गाजलेला नट होता. त्याचं नाव इथे घेत नाही, त्याचा बिचाऱ्याचा काही दोष नाही. तुम्ही मला पान उघडून वाचायला लावलंत. मुलगा चष्मा काढतो, नाकाचा शेंडा चिमटीत धरतो, मग बोलतो. पुढच्या प्रकरणात तेच. त्याच्या पुढच्या प्रकरणातही तेच. “ही लकब कुणाची?” तुम्ही विचारलंत. मी गप्प. लकब त्या नटाची होती, चांगल्या तीन चित्रपटांतून उचललेली. मी निरीक्षण समजत होतो, निघाली उचलेगिरी.

तेव्हा मी पुन्हा एक मोठं नाव पुढे केलं. सत्यजित राय यांचं. त्यांनी लिहिलेल्या फेलूदा या गुप्तहेराच्या गोष्टींतला त्याचा सोबती जटायू संतोष दत्तांनी १९७४च्या ‘सोनार केल्ला’मध्ये केला, आणि त्यानंतर राय आपल्या गोष्टींसाठी जी चित्रं काढत त्यांतला जटायू दत्तांसारखा दिसायला लागला. १९८८ साली दत्त गेल्यावर त्यांनी फेलूदाचा चित्रपट पुन्हा केला नाही. म्हणजे नटाचा चेहरा लेखकाच्या हातात उतरतोच की, असं माझं म्हणणं. तुम्ही म्हणालात, “उतरतो. पण तिथे जटायू आधी होता, मग दत्त आले. तुमच्याकडे नट आधी आला आणि मुलगा अजून यायचाय.”

खरं तर मी तेव्हाच उठायला हवं होतं. एका दिवसाला एवढं पुरे होतं. पण यादीत एक ओळ उरली होती.

वहिनी. वयाचा रकाना मोकळा. तिसऱ्या रकान्यात मी लिहिलं होतं, ‘कोणीही चालेल’.

तुम्ही त्यावर बोट ठेवलंत, पण बोलला काहीच नाहीत. उठलात, शेजारच्या खोलीतला दिवा लावलात, कॅमेरा सुरू केलात आणि मला त्या पांढऱ्या भिंतीसमोर उभं केलंत. मला वाटलं, गंमत. “वहिनी म्हणून उभे राहा. नाव, वय, उंची सांगा.”

ताई, मी गेली चार वर्षं ज्या घरात राहत होतो, त्या घरातल्या बाईचं नाव मला सांगता आलं नाही. कादंबरीत ते नव्हतंच. मुलगी तिला वहिनी म्हणते, सासरे सूनबाई, नवरा “ऐकलंस का?” म्हणतो. वय माहीत नाही. उंचीचा तर प्रश्नच नाही. कॅमेऱ्याचा तांबडा ठिपका चालू होता, आणि मी पन्नाशीचा माणूस भिंतीला पाठ टेकवून घाम पुसत होतो.

मग तुम्ही क्यू दिलात. इतकी वर्षं तुम्ही हेच करत आलात. कॅमेऱ्यामागे बसून समोरच्याचे संवाद वाचता, कसलाही अभिनय न घालता, म्हणजे येणाऱ्याला स्वतःचं काही करायला जागा राहते. ऑडिशनच्या शेकडो फितींमध्ये तुमचा चेहरा नाही, आवाज मात्र प्रत्येकीत आहे. त्या आवाजात तुम्ही नवऱ्याची वाक्यं वाचलीत आणि मी वहिनीची. दारातून आत येऊन बोलायची चार वाक्यं. चौथ्याला माझीच जीभ अडखळली. तुम्ही म्हणालात, “चारांच्याही शेवटी प्रश्नचिन्ह आहे. विचारायचं काम हिचं, उत्तर द्यायचं त्याचं. तुमच्या जागी कुणी मुलगी उभी असती तर तिने काय केलं असतं माहितीये? हातातल्या कपड्यांच्या घड्या नीट करत राहिली असती. करायला दुसरं काही दिलेलंच नाही.”

आणि कॅमेरा बंद करताना, पाठ माझ्याकडे असताना, अगदी सहज: “दारात येण्याआधी ती कुठे असते?”

घरी जाऊन मी मोजलं. वहिनी अकरा वेळा येते. अकराही वेळा दारातून. नऊ वेळा हातात काहीतरी असतं. येण्याआधी ती कुठे असते हे मला एकदाही माहीत नव्हतं.

पुढचे सात महिने त्या एका प्रश्नात गेले. प्रकाशकांशी तोपर्यंत बोलणं सुरू झालं होतं, त्यांना मी तारखा पुढे ढकलायला लावल्या, त्यांचा वैताग मी सोसला. ती मागच्या खोलीत असते, हे मला तिसऱ्या महिन्यात कळलं. तिथे न नेलेल्या फोटोंची पाकिटं आहेत. पैसे भरून, पावती घेऊन, फोटो न्यायला परत कधीच न आलेली माणसं. लग्नाला नकार आला, बाळ राहिलं नाही, नोकरीचा अर्ज करायचा राहून गेला. वहिनी ती पाकिटं तारखेप्रमाणे लावते, कुणी सांगितलेलं नसताना. त्यामुळे स्टुडिओ विकायचा विषय निघतो तेव्हा त्या घरात एकट्या तिलाच माहीत असतं की विकायचं म्हणजे नेमकं काय काय फेकायचं. आता तिच्या तोंडी प्रश्नचिन्हाचं वाक्य अख्ख्या पुस्तकात एकच आहे, आणि त्याचं उत्तर नवऱ्याला देता येत नाही.

सिनेमा होईल असं मला वाटत नाही. झालाच तर भूमिका कुणाला द्यायच्या हे दिग्दर्शक ठरवेल, निर्माता ठरवेल, कुणाच्या डेट्स मिळतात त्यावर ठरेल. मला कदाचित पोस्टर छापल्यावर कळेल. सुहास शिरवळकर २००३ साली गेले आणि ‘दुनियादारी’ पडद्यावर आला २०१३ साली. त्यांच्या मनातली यादी काय होती, होती की नव्हती, कुणास ठाऊक. माझी यादी मी फाडलेली नाही. पुस्तकाच्या कच्च्या प्रतीत खुणेसाठी घातली आहे. वहिनीसमोरचे दोन शब्द खोडले आहेत, आणि तिथे कुणाचं नाव लिहायचं हे अजून सुचत नाही. दोन-तीन चांगल्या नट्या डोळ्यांसमोर आणून बघितल्या. प्रत्येक वेळी वाटलं, ही नाही, ही तर तिच्यापेक्षा उंच आहे.

पुस्तक पोस्टाने पाठवलंय, या आठवड्यात पोचेल. अर्पणपत्रिकेत तुमचं नाव नाही, रागावू नका, तुम्हालाच ते आवडलं नसतं. पान १४३ उघडा. वहिनीचं नाव तिथे पहिल्यांदा येतं. तो पाकिटांचा प्रसंग आहे, ती आणि नवरा, दोघंच. मला तो तुमच्या आवाजात ऐकायचा आहे. एखाद्या सुट्टीच्या दिवशी त्याच पांढऱ्या भिंतीसमोर तुम्ही उभ्या राहा, नाव, वय, उंची सांगा आणि वहिनी वाचा. कॅमेऱ्यामागे मी बसतो. क्यू मी देतो.

तुमचा,
यादीवाला