तुळशीचा स्टँड भंगारात देऊ नका

शिझुओका,
२१ जून, रविवार

तीर्थरूप बाबा आणि आईस,
शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

शुक्रवारी फोनवर आई भंगारात काय काय द्यायचं त्याची यादी वाचत होती. माळ्यावरचा मोडका टेबलफॅन, दोन ट्रंका, सायकलची फ्रेम आणि गॅलरीतला तुळशीचा लोखंडी स्टँड. स्टँडचं नाव ऐकल्याबरोबर मी "तो नको" म्हणून जवळजवळ ओरडलेच. आईला वाटलं, मला तुळशीचं काही वाटतंय. तुळस नव्या घरी येणारच आहे, ते मला ठाऊक आहे. मला तो स्टँडच हवा आहे, आणि का हवा ते फोनवर नीट सांगता येईना, म्हणून हे पत्र. सोबतच्या छोट्या पाकिटात प्लास्टिकच्या सात पट्ट्या आहेत. त्या सांडू देऊ नका. त्यांचं काय करायचं ते पुढे लिहिलं आहे.

मी आपली गाडी बनवतेय. आपली प्रीमियर पद्मिनी, १:२४ या प्रमाणात. तळहातावर मावेल एवढी. पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर खऱ्या गाडीत २३४० मिलिमीटर होतं, माझ्या गाडीत ते साडेसत्त्याण्णव मिलिमीटर आहे. बाबा, तुम्ही विचाराल की चोवीसच का? फुटाला अर्धा इंच, असं ते जुनं इंग्रजी माप आहे. मॉडेलच्या गाड्यांमध्ये अजून तेच चालतं.

हे वेड या गावानेच लावलं. नोकरीसाठी इथे आले तेव्हा शिझुओका म्हणजे चहाचे मळे आणि हवा स्वच्छ असली की दिसणारा फुजी, एवढंच माहीत होतं. जपानमधली प्लास्टिकची बहुतेक मॉडेलं याच भागात तयार होतात, हे इथे आल्यावर कळलं. तामिया ही मॉडेलांची कंपनी इथलीच. १९४६ साली ती लाकडाची वखार म्हणून सुरू झाली, मग लाकडाची मॉडेलं करू लागली आणि १९६० साली तिने यामातो युद्धनौकेचं पहिलं प्लास्टिक मॉडेल काढलं. दर मे महिन्यात इथे मॉडेलांचं मोठं प्रदर्शन भरतं. म्हातारी माणसं नातवंडांचा हात धरून येतात आणि एकेका टेबलापुढे दहा दहा मिनिटं वाकून उभी राहतात. मीही तशीच उभी होते. मग सरावाला तामियाची १९६६ ची फोक्सवॅगन बीटल आणली. ती बरी जमली आणि मग मनात आपलीच गाडी आली.

दुकानात इतक्या गाड्यांच्या पेट्या आहेत, पण मला पद्मिनी काही मिळाली नाही. इथल्या मॉडेल क्लबात एक निवृत्त शिक्षक आहेत. त्यांच्याकडे इटलीच्या फियाट ११०० डी ची बॉडी थ्रीडी प्रिंटरवर छापण्याची फाइल होती. त्यांनी मला ती रेझिनमध्ये छापून दिली. मी त्यांना सांगितलं की ही गाडी आमच्याकडे मुंबईत, कुर्ल्याला तयार व्हायची. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर कंपनी काढली, १९६४ पासून हीच गाडी 'डिलाइट' म्हणून आली, पुढे 'प्रेसिडेंट' झाली आणि मग 'पद्मिनी'. २००० च्या सुमारास ती बंद झाली, तरी टॅक्सी म्हणून मुंबईत ऑक्टोबर २०२३ पर्यंत धावत होती. त्यांनी हे सगळं वहीत टिपून घेतलं. पद्मिनी म्हणजे काय, तेही विचारलं. मी म्हटलं, कमळ. त्यांना फार आवडलं.

पण इटलीची बॉडी ती इटलीचीच. तिचे पुढचे दरवाजे उलटे उघडतात, बिजागऱ्या मधल्या खांबाला. आपल्या गाडीच्या बिजागऱ्या पुढे होत्या. त्या जुन्या खुणा मी लांबीने, म्हणजे पुट्टीने भरल्या, घासल्या आणि पुढच्या बाजूला नव्या कोरल्या. स्टिअरिंग डावीकडचं उजवीकडे आणायचं म्हणून डॅशबोर्ड कॉम्प्युटरवर आरशातल्यासारखा उलटवला. गिअरचा दांडा अर्ध्या मिलिमीटरच्या पितळी तारेचा केला, स्टिअरिंगच्या डाव्या अंगाला. आणि पुढची सलग सीट, जिच्यावर बाबा, आई आणि मधे मी, अशी आपण कसाऱ्यापर्यंत जायचो. तिथे गाडी तापायची, बॉनेट उघडायचं, दादा डब्यातलं पाणी घेऊन उभा राहायचा आणि आई तोवर थालीपीठं वाटायची. त्या सीटवरचं टॉवेलचं कव्हरही केलंय. टिश्यू पेपर पातळ केलेल्या गोंदात भिजवून बसवला की हुबेहूब टॉवेलसारखा खरखरीत दिसतो.

डॅशबोर्डवरचा गणपतीही आहे. खरा तीनेक सेंटिमीटरचा असेल, म्हणजे इथे सव्वा मिलिमीटर. लांबीचा एवढासा कण सुईने आकाराला आणला आणि शेंदरी रंग लावला. भिंगातून पाहिलं तर सोंड दिसते. बाबा, तुम्ही चावी फिरवण्याआधी त्याला हात जोडायचात.

आता रंगाचं सांगते, कारण सगळं घोडं तिथे अडलंय.

१९९८ च्या मे महिन्यात पाचपाखाडीच्या गॅरेजमध्ये गाडी रंगवायला टाकली होती, आठवतं? मी बारा वर्षांची होते. सुट्टी होती, म्हणून बाबांच्या मागे लागून रोज जायचे. तिथले पेंटरकाका दिवसभर घासायचे, फवारा मारायचे ते जेमतेम तासभर. आधी टिंकरिंग, म्हणजे ठोकून पत्रा सरळ करणं, मग लांबी, मग पाण्याने वॉटर पेपर, मग प्रायमर, पुन्हा लांबी, पुन्हा पेपर. त्यांनी माझा हात धरून मडगार्डवर फिरवला आणि म्हणाले, "डोळे मीट. आता सांग कुठे खड्डा आहे." डोळे उघडे असताना काही दिसत नव्हतं. मिटल्यावर बोटाला लगेच कळलं.

मी इथे तेच करते. छापलेल्या रेझिनवर बारीक थरांच्या रेघा असतात, भाताच्या खाचरांसारख्या. आधी चारशे नंबरचा पेपर, मग आठशे, मग हजार, सगळे पाण्यात. मग राखाडी प्रायमरचा हलका हात. प्रायमर मारला की लपलेलं सगळं वर येतं. मग पुन्हा डोळे मिटून टपावर बोट फिरवायचं. माझ्या बॉडीचं हे चार वेळा झालं. एवढ्या लहान गाडीला रंग जाड चालतच नाही. ०.१ मिलिमीटरचा थर बसला तर खऱ्या गाडीच्या हिशेबाने तो जवळजवळ अडीच मिलिमीटर होतो, मग दरवाजांच्या फटी बुजतात आणि गाडी साखरेच्या पाकात बुडवल्यासारखी दिसते. म्हणून रंग दुधाइतका पातळ करून एअरब्रशने मारायचा. त्याच्या तोंडाचं भोक ०.३ मिलिमीटरचं असतं. पहिला हात नुसता धुक्यासारखा. दुसरा थोडा ओला. तिसऱ्यात झळाळी यायला हवी.

इथे आता त्सुयु आहे, म्हणजे पावसाळा. ठाण्यासारखा कोसळत नाही, पण कपडे वाळत नाहीत. मागच्या आठवड्यात घाई करून दमट हवेत तिसरा हात मारला. डोळ्यांदेखत बॉनेटवर पांढुरकी साय धरली. थिनर भराभर उडतं, पृष्ठभाग गार पडतो आणि हवेतली वाफ त्या ओल्या रंगात शिरते. मला फार वाईट वाटलं, दोन दिवस तिच्याकडे पाहिलं नाही. मग सगळं थिनरने काढून पुन्हा प्रायमरपासून सुरुवात केली. आता हवा कोरडी करण्याचं यंत्र लावते आणि आर्द्रतेचा काटा साठाच्या खाली आल्याशिवाय ब्रशला हात लावत नाही.

हे सगळं निभतं. अडलंय ते छटेवर. पेंटरकाकांनी तो रंग डब्यातून तयार आणला नव्हता. माझ्यासमोर पांढऱ्यात निळा घातला, थेंबभर पिवळा, काडीच्या टोकाने काळा. बाबा म्हणाले "अजून थोडा", मग अजून थोडा. कुठल्या कंपनीच्या कार्डावर तो रंग सापडणारच नाही. तुम्हा सगळ्यांना विचारलं तर आई म्हणते पिस्ता, बाबा म्हणतात आकाशी, आणि दादा म्हणतो की तो राखाडीच होता, आपण उगाच त्याला रंग म्हणतो. आपल्याकडे तलावपाळीवर काढलेला फोटो आहे, पण त्यावर संध्याकाळचं ऊन पडलंय आणि फोटोच पिवळा पडलाय. त्या फोटोत गाडीपेक्षा माझा फ्रॉक ओळखू येतो.

आणि मग आठवलं की उरलेला रंग बाबांनी वाया घालवला नव्हता. पावशेरभर डब्यात होता, तो आईच्या तुळशीच्या स्टँडला लावला होता. गॅलरीतल्या उन्हाने बाहेरून तो आता खडूसारखा झाला असेल. पण कुंडी जिथे टेकते त्या गोल पट्टीवर आणि खालच्या अंगाला ऊन कधी पोचलेलं नाही. पाणी झिरपून गंज आला असेल, तरी मधे कुठेतरी नखाएवढा तरी रंग शाबूत असणार. जगात आपल्या गाडीचा खरा रंग आता तेवढाच उरलाय. गाडी २००७ मध्ये विकली, पुढे तिचं काय झालं कोणाला ठाऊक.

तर पट्ट्यांचं असं. सातही मीच रंगवल्या आहेत, मागे १ ते ७ आकडे आहेत. पहिल्या चार पांढऱ्या प्रायमरवर आणि शेवटच्या तीन राखाडीवर आहेत, कारण खालचा रंग वरच्या रंगातून डोकावतोच. ५ आणि ६ सारख्याच वाटतील, त्यांत फक्त पिवळ्याच्या एका थेंबाचा फरक आहे. कुंडी उतरवून स्टँड उलटा करा, ओल्या फडक्याने पुसा आणि पूर्ण वाळू द्या, ओला रंग गडद दिसतो. सकाळी नऊच्या सुमाराला, ऊन थेट पडत नाही अशा जागी, एकेक पट्टी अगदी चिकटवून धरा. ट्यूबलाइटखाली मुळीच बघू नका. दिवसाच्या उजेडात जुळलेले दोन रंग ट्यूबलाइटखाली वेगळे दिसू शकतात आणि उलटही होतं. फोटो काढून पाठवू नका, फोन आपल्या मनाने रंग बदलतो. तिघांनी वेगवेगळं बघा, एकमेकांना न सांगता आकडा कागदावर लिहा. बाबा, तुम्ही मोतीबिंदूच्या ऑपरेशनच्या डोळ्याने एकदा आणि दुसऱ्या डोळ्याने एकदा असं बघा. ऑपरेशननंतर निळा रंग जास्त स्वच्छ दिसतो, असं तुम्हीच म्हणाला होतात.

सातांपैकी एकही जुळली नाही तरी चालेल. "चारपेक्षा जरा निळा" एवढं कळवलंत तरी मी तिथून पुढे जाईन. आई, रंगाच्या बाबतीत मला तुझ्या डोळ्यावर जास्त भरवसा आहे. गोखले रोडवरच्या दुकानात शंभर ब्लाउजपीसांमधून साडीचा पदर न नेता तू बरोबर तुकडा काढायचीस.

रंग ठरला की तीन हात मारेन, मग वरून क्लिअर, म्हणजे पारदर्शक थर, मग निदान तीन आठवडे झाकून ठेवेन. वास यायचा थांबला की वाळलं समजायचं. मग दोन हजारचा पेपर आणि रबिंग. काचांभोवतीची क्रोमची पट्टी मिठाईवरच्या वर्खासारख्या चिकट पन्नीने करायची आहे, ते काम मला सगळ्यात आवडतं. नंबरप्लेट आधीच तयार आहे, एमएच-०४ आणि पुढचे आपले आकडे.

दिवाळीला येताना ती हातातल्या बॅगेत आणीन. तोवर तुम्ही भाड्याच्या घरात गेला असाल. नौपाड्यातल्या त्या गॅलरीत, जिथून खाली लावलेली गाडी दिसायची, ती मला ठेवता येणार नाही याचं वाईट वाटतं. म्हणून एक मागणं आहे. घर सोडण्याआधी दादाने गॅलरीतून खाली, गाडी उभी असायची त्या जागेचा वरून एक फोटो काढावा. फरशी, गटाराचं झाकण, कोपऱ्यातलं अनंताचं झाड, सगळं यायला हवं. गाडीखालची जमीन मी त्यावरून करीन.

हे पत्र उद्या महापालिकेच्या इमारतीपुढच्या पेटीत टाकणार आहे. ती पेटी मॉडेलच्या सुट्या भागांच्या चौकटीसारखी केलेली आहे, जणू पेटीचेच भाग तोडून जोडायचे आहेत. पण पत्रं खरीच जातात.

कुंडी मातीसकट जड आहे. बाबा, तुम्ही उचलू नका, कंबर परत धरेल. दादा रविवारी आला की त्याला उचलू द्या, आणि स्टँड उलटा करताना खाली जुनी चादर घाला, खरचटला तर तेवढाही रंग जाईल.

तुमची,
धाकटी