कुत्र्यांच्या स्पर्धांना क्रूर का म्हणावे?

संपादक महोदय,

कुत्र्यांना स्पर्धांसाठी राबवणे ही मालकांची क्रूर हौस आहे, असा आक्षेप वारंवार ऐकू येतो; तो मला मान्य नाही. १८९९ मध्ये जर्मन शेफर्ड जातीची संघटना स्थापन करणारे माक्स फोन श्टेफानिट्झ यांचा आग्रह होता की कुत्र्याची पारख कामावरून व्हावी, आणि त्याच विचारातून ‘शुट्झहुंड’ ही चाचणी रुजली, जी आज ‘आयजीपी’ नावाने खेळली जाते. माग काढणे, आज्ञापालन आणि संरक्षण या तीन भागांना प्रत्येकी १०० गुण असतात. मला सर्वाधिक भावतो तो माग. शेतातून चालून गेलेल्या माणसाच्या पावलांचा वास घेत कुत्रा सावकाश पुढे सरकतो, वाटेत टाकलेली लाकडाची वा चामड्याची छोटी वस्तू सापडताच तिच्यापाशी बसकण मारतो, आणि १० मीटर दोरीच्या टोकाला असलेल्या मालकाला, स्वतःला त्या वासाचा पत्ताच नसल्याने, त्याच्यावर पूर्ण विश्वास ठेवावा लागतो. या विश्वासासाठीच माणसे वर्षानुवर्षे पहाटे मैदान गाठतात. चषक मिळाला तर उत्तमच. संरक्षणाच्या भागातही, हल्लेखोराची भूमिका करणाऱ्याच्या बाहीवरची पकड वारंवार आज्ञा देऊनही न सोडणारा कुत्रा बाद ठरतो. आपल्या शहरांत हीच जर्मन शेफर्ड जात सदनिकांच्या गच्चीत साखळीला बांधलेली दिसते; टीकाकारांनी आधी तिची कीव करावी.

— एक वाचक, पुणे