आधी गार्ड, मग रजिस्टर

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या कालच्या उद्योग पुरवणीत नव्या कामगार संहितांसाठी लघुउद्योजकांनी कोणती तयारी करावी, याविषयी एका सल्लागारांचा अर्ध्या पानाचा लेख प्रसिद्ध झाला आहे. आस्थापनेची ऑनलाइन नोंदणी, नियुक्तिपत्राचा नमुना, संगणकावर ठेवायची रजिस्टरे, वाढलेले दंड आणि निरीक्षक आल्यास कोणती फाईल पुढे करावी, हे सारे त्यात नीटनेटके मांडले आहे आणि ते उपयोगाचे आहे, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. परंतु ज्या यंत्रापुढे माणूस पूर्ण शिफ्ट उभा असतो, त्या यंत्राविषयी संपूर्ण लेखात एक ओळही नाही. सुरक्षेच्या कायद्याची तयारी यंत्राला हात न लावता कशी पूर्ण होते, हे त्या विद्वान लेखकांनी सांगावे, एवढ्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

मी नोकरीची बहुतेक वर्षे भोसरी परिसरातील प्रेस शॉप (यंत्राने पत्रा दाबून सुटे भाग बनवणारा विभाग) आणि टूलरूम (साचे घडवणारा व दुरुस्त करणारा विभाग) यांत काढली. त्यातील एक घटना या लेखामुळे पुन्हा डोळ्यांपुढे उभी राहिली, म्हणून ती सविस्तर सांगतो. मोठ्या वाहन कंपन्यांना पत्र्याचे सुटे भाग पुरवणाऱ्या एका कारखान्यात परभणीकडून आलेला एक तरुण ठेकेदारामार्फत हेल्पर म्हणून लागला आणि माणसे कमी पडू लागताच त्याला प्रेसवर बसवण्यात आले. प्रेस जुन्या पद्धतीचा, रोलिंग की क्लचचा, म्हणजे फिरत्या चाकाशी एका खिळीने (‘की’ने) जोडला जाणारा, आणि पायाच्या पेडलवर चालणारा होता. त्याचा पुढचा गार्ड, म्हणजे हात आत जाऊ नये म्हणून लावायचे संरक्षक आवरण, काढून कोपऱ्यात ठेवला होता, कारण गार्ड लावला की तासाला निघणारे नग कमी होतात, असा सुपरवायझरचा हिशेब होता. तो प्रेस ‘डबल मारतो’, म्हणजे पेडल एकदाच दाबले तरी कधी कधी दोनदा खाली येतो, अशी तक्रार या मुलाने आणि त्याच्या आधीच्या ऑपरेटरनेही केली होती. चालू लॉट गाडीत चढला की मेंटेनन्सकडे देऊ, असे उत्तर त्यांना मिळाले. लॉट गाडीत चढण्याआधीच त्या मुलाच्या उजव्या हाताच्या तर्जनीची दोन पेरे आणि मधल्या बोटाचे एक पेर गेले.

अपघातानंतर तो प्रेस उघडून पाहण्यासाठी टूलरूममधून मला बोलावले होते. कीची कड गोल झालेली होती, कॅचची स्प्रिंग ढिली पडलेली होती आणि ब्रेकचा पट्टा झिजलेला होता. स्ट्रोक पूर्ण झाल्यावर की फ्लायव्हीलमधून (सतत फिरणाऱ्या जड चाकातून) सुटायला हवी. ती सुटली नाही, तर फ्लायव्हील प्रेस खाली-वर करणाऱ्या क्रँकला पुन्हा फिरवतो आणि प्रेस परत खाली येतो, तेव्हा माणसाचा हात तयार नग काढण्यासाठी डायमध्ये, म्हणजे साच्यात, असतो. यात दैवाचा काही भाग नव्हता, आणि त्या मुलाच्या चुकीचाही नव्हता. दुरुस्तीही अर्ध्या दिवसाच्या कामापलीकडची नव्हती.

आता कागदपत्रांचे ऐका. त्या कारखान्यात सुरक्षा प्रशिक्षणाचे रजिस्टर पूर्ण भरलेले होते आणि त्यात या मुलाच्या नावापुढे त्याची सही होती. ती रुजू होण्याच्या दिवशी, प्रेस पाहण्याच्याही आधी, इतर कागदांबरोबर घेतलेली होती. ईएसआयचा (कामगार राज्य विम्याचा) क्रमांक मात्र अपघाताच्या दिवशी दुपारी धावपळ करून काढण्यात आला. नुकसानभरपाईच्या अनुसूचीत तर्जनीची दोन पेरे गेली तर कमावण्याची क्षमता ११ टक्के घटली असे धरतात आणि मधल्या बोटाचे एक पेर गेले तर ७ टक्के. शेतातले कामही ज्याला आता नीट जमत नव्हते, त्या मुलाच्या वडिलांना हे आकडे समजावून सांगण्याची वेळ माझ्यावर आली होती. आपल्या लेखकांनी सुचवलेली सर्व तयारी त्या कारखान्यात जवळजवळ झालेली होती, हे त्यांनी कृपया लक्षात घ्यावे.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० या कायद्यात नियुक्तिपत्र आहे, नोंदणी आहे, हे खरेच. पण मालकाच्या कर्तव्यांचे कलम ६ सुरू होते ते कामाची जागा इजा किंवा व्यवसायजन्य आजार होईल अशा धोक्यांपासून मुक्त ठेवण्याच्या जबाबदारीने. नियुक्तिपत्र त्याच कलमात नंतर येते. राज्याच्या नियमांकडे बोट दाखवून थांबण्याचा सल्लाही लेखात आहे आणि तो मला सर्वांत अधिक खटकला. यंत्राचे धोकादायक भाग भक्कम गार्डने झाकलेले असावेत आणि यंत्र चालू असताना तो गार्ड जागेवरच असावा, असे नव्या संहितेआधीच्या १९४८ च्या कारखाना कायद्याचे कलम २१ सांगत आले होते. त्यासाठी आता कोणत्या नव्या नियमाची वाट पाहायची आहे?

या संहितेत खरोखर नवे आणि प्रत्येक लघुउद्योजकाला सांगण्याजोगे असे एक कलम आहे, ते १४ वे. भोपाळच्या वायुदुर्घटनेनंतर १९८७ मध्ये कारखाना कायद्यात दुरुस्ती झाली, तेव्हा तातडीच्या धोक्याची सूचना देण्याचा हक्क कामगारांना मिळाला. पण तो घातक प्रक्रियांच्या कारखान्यांपुरता होता. आता तो सर्व आस्थापनांना लागू झाला आहे. कामगाराला गंभीर धोका वाटला, तर तो मालकाला आणि त्याच वेळी निरीक्षकालाही कळवू शकतो. मालकाने ताबडतोब उपाय करून निरीक्षकाला अहवाल द्यायचा आहे आणि मालकाला तो धोका मान्य नसेल, तर प्रकरण निरीक्षकाकडे जाऊन त्याचा निर्णय अंतिम ठरतो. म्हणजे ‘प्रेस डबल मारतो’ असे सांगणाऱ्या मुलाला ‘लॉट गेल्यावर बघू’ हे उत्तर आता देता येणार नाही. तयारी करायची असेल तर ती इथून करावी. तक्रार आली की प्रेस थांबवण्याचा अधिकार शिफ्टमध्ये कोणाला आहे, हे मालकाने आधी ठरवावे आणि प्रेस थांबवल्याबद्दल त्या माणसाच्या पगारातून किंवा बोनसमधून काही कापले जाणार नाही, हे सर्वांसमोर सांगावे.

लेखाच्या शेवटी ‘आधुनिक सेन्सर बसवा’ असे एक मोघम वाक्य आहे, त्याविषयीही इशारा देणे मला आवश्यक वाटते. एअर क्लच व ब्रेक असलेला प्रेस स्ट्रोकच्या मध्येच थांबू शकतो, तिथे लाइट कर्टन (हात मध्ये येताच यंत्र थांबवणारा प्रकाशकिरणांचा पडदा) योग्य आहे. रोलिंग की क्लचचा प्रेस एकदा सुटला की फेरा पूर्ण केल्याशिवाय थांबतच नाही. त्याच्यापुढे कितीही महागडा सेन्सर लावला तरी हात वाचणार नाही. अशा प्रेसला हात आत जाणार नाही असा बंदिस्त गार्ड, सरकवून नग आत जाईल असा डाय आणि की, स्प्रिंग व ब्रेकची ठरलेल्या वेळी तपासणी, हाच उपाय आहे. भोसरी, चाकण, सातपूर, वाळूज येथील छोट्या गाळ्यांत असे जुने प्रेस आजही चालतात आणि जुन्या यंत्रांच्या बाजारात ते गार्डशिवाय विकले जातात. यंत्र पुरवणाऱ्याचीही जबाबदारी संहितेच्या कलम ८ मध्ये सांगितली आहे, ती खरेदीदाराने बिल घेतानाच दाखवून द्यावी.

वीज वापरणाऱ्या ठिकाणी १० कामगारांपासून लागू होणारी कारखान्याची व्याख्या नव्या संहितेत २० कामगारांवर गेली आहे, ही बाबही लेखकांनी ‘दिलासा’ म्हणून सांगितली आहे. १० कामगार असले तरी ती आस्थापना ठरते आणि कलम ६ मधील कर्तव्ये तिला लागू राहतात, हे मात्र त्यांनी सांगितले नाही. वाचणाऱ्या मालकाचा समज असा होईल की आपण सुटलो. माझे तर म्हणणे असे आहे की आठ-नऊ माणसांच्या गाळ्यातच गार्ड सर्वांत आधी लागला पाहिजे, कारण तिथे सुरक्षा अधिकारी नसतो, युनियन नसते आणि निरीक्षक सहसा पोचत नाही.

चाळिशी ओलांडलेल्या कामगारांच्या मोफत वार्षिक आरोग्य तपासणीसाठी लेखकांनी एखाद्या लॅबचे ‘पॅकेज’ घेण्यास सुचवले आहे. रक्तातील साखर जरूर पाहावी, पण प्रेस शॉपमध्ये आधी जातात ते कान. गोंगाटाने येणारे बहिरेपण हा कायद्याने नोंद करण्याचा व्यवसायजन्य आजार आहे. म्हणून श्रवणतपासणी रुजू होतानाच करून ठेवावी आणि पुढे दरवर्षी तिच्याशी ताडून पाहावी. विशीतल्या मुलाचे कान जाऊ लागले, हे कळण्यासाठी त्याच्या चाळिशीची वाट पाहू नये.

आपल्या वृत्तपत्राविषयीही एक तक्रार आहे. कारखान्यात अपघात झाला की आतल्या पानावर चार ओळींची बातमी येते आणि तिच्यात बहुधा ‘कामगाराच्या निष्काळजीपणामुळे’ असे शब्द असतात. हे शब्द व्यवस्थापनाने सांगितलेले असतात आणि पुढे नुकसानभरपाईच्या प्रत्येक टेबलावर ते त्या कामगाराच्या विरोधात वाचले जातात. नव्या संहितेनुसार कर्तव्यभंगामुळे मृत्यू झाला, तर मालकाला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा किमान ५ लाख रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकते आणि दंडाची किमान निम्मी रक्कम कुटुंबाला देण्याचा आदेश न्यायालय देऊ शकते. कर्तव्यभंग होता की नाही, हे ठरण्याआधीच बातमीने निकाल देऊ नये.

तेव्हा दोन विनंत्या करतो. त्या सल्लागारांकडून, किंवा प्रत्यक्ष शॉप फ्लोअरवर काम केलेल्या एखाद्या जाणकाराकडून, याच विषयाचा दुसरा भाग लिहून घ्यावा आणि त्यात प्रेस, लेथ, ग्राइंडर व मिक्सर यांच्या गार्डविषयी सविस्तर लिहावे. आणि यापुढे अपघाताची बातमी देताना आपल्या वार्ताहरांनी यंत्राला गार्ड होता का, आधी कोणी तक्रार केली होती का आणि तो कामगार कोणाच्या हजेरीपटावर होता, हे तीन प्रश्न विचारून उत्तरांसह छापावेत.

कळावे,
आपला नम्र,
एक निवृत्त टूलरूम कर्मचारी, भोसरी, पुणे
(कृपया नाव प्रसिद्ध करू नये.)