मिरगाच्या आत परत पोचवते

सुराबाया, जावा (इंडोनेशिया),
श्रावण

ती. आई आणि ती. बापू यांना साष्टांग नमस्कार.

बापू, परवा फोनवर तुम्ही एवढंच म्हणालात, "जित्या डोंगराच्या तोंडावर कशाला जावं लागतंय गं तुला?" आणि फोन आईच्या हातात दिलात. आईनं तेल कुठलं वापरतेस इथपासून चौकशी सुरू केली आणि तुमचा प्रश्न तसाच राहिला. फोनवर तुम्हाला काही समजावून सांगणं मला जमत नाही. तुम्ही 'हं, हं' म्हणता आणि रेंज गेली म्हणून ठेवून देता. म्हणून सविस्तर लिहिते. धाकट्याला मोठ्यानं वाचून दाखवायला सांगा. यात माझा स्वार्थ आहे तोही आधीच सांगते: येत्या मे महिन्यात तुम्हा दोघांना त्याच डोंगरावर न्यायचंय.

आई, लगेच गुडघ्यावर हात ठेवू नकोस. पुढचं ऐक.

डोंगराचं नाव ब्रोमो. आमच्या सुराबायापासून गाडीनं तीन-चार तास. शाळेत आपण ज्वालामुखी काढायचो, वर भोक आणि त्यातून लाल रेघा, तसा तो नाही. फार पूर्वी इथे एक अवाढव्य डोंगर होता. पोटातला लाव्हा बाहेर पडून गेल्यावर तो आत खचला आणि मागे एक कढई उरली. कडेपासून कडेपर्यंत दहाएक किलोमीटर, म्हणजे औसा-लातूर रस्त्याच्या निम्मं. तळाला सगळी राखाडी वाळू, आणि मधोमध नंतर वर आलेले लहान डोंगर. त्यातला एक अजून धुमसतो, तोच ब्रोमो. उंची २,३२९ मीटर. आपलं कळसूबाई १,६४६ आहे, त्या मानानं आकडा मोठा वाटेल, पण बहुतेक चढ गाडीच चढते.

आम्ही ऑफिसातले चौघंजण मिळून गेलो होतो. मुक्काम चेमोरो लावांगला, अगदी कढईच्या काठावरचं गाव. वाळूत स्वतःची गाडी नेऊ देत नाहीत, गावातल्या माणसाची जीपच करावी लागते. हे मला आवडलं. डोंगर त्यांचा, तर पैसाही त्यांच्याच घरात जातो. जीप म्हणजे जुन्या टोयोटा लँड क्रूझर, बहुतेक १९७०-८० च्या दशकातल्या. इथे त्यांना नुसतं 'हार्डटॉप' म्हणतात. बापू, डोंगर राहू द्या, तुम्ही ती गाडी बघायला म्हणून तरी याल. दार लावायला खांदा द्यावा लागतो. पत्रा असा जाड की वाजवला तर टणटण नाही, धप्प आवाज येतो. ड्रायव्हरकाका तुमच्याच वयाचे. अंगात स्वेटर, त्यावर खांद्याभोवती लुंगी गुंडाळलेली. त्या डोंगरातले टेंगर लोक, बाया काय अन् गडी काय, थंडीला अशीच लुंगी पांघरतात. त्यांनी चोक ओढला, गाडी दोनदा खोकली, मग लागली, आणि त्यांनी स्टिअरिंगवर हलकेच थाप मारली. तुम्ही ट्रॅक्टरला मारता तशीच.

तीनला निघालो, तेव्हा तुमच्याकडे दीड वाजला असेल. आधी गाडी कढईत खाली उतरते, वाळू पार करते आणि मग पलीकडचा घाट चढते. खाली धुकं इतकं होतं की हेडलाइटचा उजेड चार हातांवर भिंतीला लागल्यासारखा परत यायचा. काकांनी खिडकीची काच खाली केली, मान बाहेर काढली आणि वाळूतल्या चाकोऱ्या बघत गाडी हाकली. डाव्या हातात फडकं, मधूनमधून काच आतून पुसायची, तोच हात पुन्हा गिअरवर. कुठेच थांबले नाहीत. वाळूत थांबलं की चाक रुततं, म्हणून समोरून दुसरी जीप आली तरी वळसा घालायचा, ब्रेक लावायचा नाही. मागच्या बाकावर आमची डोकी टपाला आपटत होती. नाकातोंडात बारीक राख. मास्क लावला होता तरी दुसऱ्या दिवशी रुमाल काळाच येत होता.

घाट चढून पेनांजाकानला पोचलो. ही जागा २,७७० मीटरवर आहे, म्हणजे ब्रोमोच्याही वर, त्यामुळे तो खाली दिसतो. जीपची रांग लागलेली असते. आपली गाडी जिथे थांबेल तिथून चालायचं. लवकर पोचलात तर थोडं, उशिरा पोचलात तर बरंच. आई, तुझ्यासाठी म्हणून मी हे अंतर मुद्दाम नीट बघून ठेवलंय: लवकर निघायचं आणि शनिवार-रविवार टाळायचा, बस. थंडी मात्र आपल्याकडच्या पौषापेक्षा कडक, पाच अंशांच्या खाली. जॅकेट भाड्यानं मिळतात. टपरीवर आल्याचं गरम पाणी मिळतं, गोड, चहापत्ती नाही की दूध नाही. मी दोन पेले प्यायले.

आता तो सूर्योदय. साडेपाचनंतर झाला, तुमच्याकडे तेव्हा चार वाजून गेले असतील, बापू उठून अंगणात आले असतील. खरं सांगू? सूर्य म्हणून बघायचा तर आपल्या ज्वारीच्या रानातून उगवतो तो जास्त देखणा. इथे लोक एकमेकांच्या खांद्यावरून मोबाइल वर धरून उभे असतात, त्यातून सूर्य कसला दिसतोय! मी सूर्याकडे पाठ केली. दक्षिणेला सगळ्यात मागे सेमेरू उभा आहे, ३,६७६ मीटरचा, जावातला सगळ्यात उंच. पहिला उजेड त्याच्या टोकाला लागला. तोही जागा आहे, मध्येच धुराचा एक गोळा सोडतो आणि गप्प बसतो. मग उजेड खाली बातोक नावाच्या डोंगरावर आला. त्याला चारी बाजूंनी घळी पडल्यात, नऊवारीच्या निऱ्या बघाव्यात तशा सरळ. आणि सगळ्यात शेवटी ब्रोमो. कढईत धुकं काठोकाठ भरलेलं होतं आणि त्यातून त्याचा पांढरा धूर सावकाश वर चढत होता. निम्मे लोक सूर्य वर आला की लगेच खाली पळतात. आम्ही थांबलो. धुकं विरायला लागल्यावर जे दिसतं ते आधी दिसत नाही.

नंतर जीप खाली वाळूत आणून सोडते. तिथे या टेंगर लोकांचं देऊळ आहे, पुरा लुहुर पोतेन. हो आई, हे लोक हिंदू आहेत. सगळ्या जावात मुसलमान वस्ती जास्त, पण या डोंगरात जुना धर्म टिकून राहिलाय. देवळापासून पुढे वाळूतून चालत किंवा घोड्यावरून जायचं, मग अडीचशेच्या आसपास पायऱ्या, आणि वर ज्वालामुखीचं तोंड. तोंडाच्या काठावर कोण बसलंय माहितीय? गणपती. दगडाचा, लहानसा, गळ्यात फुलं. मागे दोन पावलांवर खोल खड्डा, त्यातून धूर, गंधकाचा वास आणि सतत घोंगावल्यासारखा आवाज. मी तुमच्या दोघांच्या वतीनं नमस्कार केला.

या लोकांचा एक सण आहे, यद्न्य कसाडा. त्यांच्या पंचांगातल्या कसाडा महिन्यात, पौर्णिमेच्या सुमारास रात्री सगळी गावं देवळात जमतात आणि मग वर चढून डोंगराच्या तोंडात आपल्या शेतातलं पीक टाकतात: बटाटे, कोबी, कांद्याची पात, फळं, कोंबड्या, कुणी बकरूसुद्धा. गोष्ट अशी सांगतात की रोरो आन्तेंग आणि जोको सेगेर या जोडप्याला मूल होईना. त्यांनी डोंगराला नवस केला. पंचवीस लेकरं झाली, पण कबूल केल्याप्रमाणे शेवटचं लेकरू डोंगरानं घेतलं. तेव्हापासून दरसाल हा नैवेद्य. आणि गंमत म्हणजे त्या तोंडाच्या आत, उतारावर, माणसं जाळी घेऊन उभी असतात आणि टाकलेली कोंबडी वरच्यावर झेलतात! कुणी रागवत नाही. डोंगराला पोचलं ते पोचलं, उरलं ते माणसाचं.

मी काकांना मोडक्यातोडक्या भाषेत आपली येळवस सांगितली. रानात कडब्याची कोप करायची, लक्ष्मी मांडायची, भज्जी, उंडे आणि आंबील घेऊन पिकाला फेरी घालायची, 'होलगे होलगे' म्हणत आंबील शिंपडायची. त्यांना काही आश्चर्यच वाटलं नाही. त्यांनी फक्त विचारलं, "तुमच्याकडे डोंगर कुठला?"

आमच्याकडे डोंगर नाही, पण आपलं अख्खं रानच डोंगराच्या पोटातून आलंय, हे त्यांना सांगायला माझी भाषा पुरली नाही. तुम्हाला सांगते. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी आपल्याकडे जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यातून लाव्हा थरावर थर पसरत गेला. त्याचाच काळा पाषाण झाला, त्या पाषाणाची झीज होऊन आपली काळी माती. वेरूळचं कैलास लेणं त्याच दगडात कोरलंय. बापू, तुम्ही ज्या रानात सोयाबीन आणि तूर घेता ते थंड झालेल्या ज्वालामुखीवरचं रान आहे. ब्रोमोच्या उतारावर बटाटा काढणारा माणूस तेच करतो, फक्त त्याची राख अजून ताजी आहे. तिथले उतार असे उभे आहेत की तुम्ही म्हणाल इथे माणूस उभा कसा राहतो, आणि त्यावर कोबीच्या सरळ ओळी!

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. तुम्हाला भीती कशाची वाटते ते मला कळतं. तुम्ही ३० सप्टेंबर १९९३ च्या सकाळी घरून ट्रॅक्टरला ट्रॉली लावून किल्लारीला गेला होतात, एवढं आई सांगते, तुम्ही काहीच सांगत नाही. आदल्या दिवशी गणपती बुडवून लोक झोपले होते. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली आणि दगडमातीच्या भिंतींसकट माळवदं अंगावर आली. सगळ्या भागात दहा हजारांच्या घरात माणसं गेली. तेव्हापासून तुम्ही चारच्या आत उठता, आणि आपल्या घरावरचं माळवद काढून पत्रे टाकलेत तेही तेव्हाच. नंतर शास्त्रज्ञांनी किल्लारीला खोल छिद्र घेतलं, तर काळा पाषाण ३३८ मीटरवर संपला आणि खाली त्याहून फार जुना खडक लागला. ज्या जमिनीला सगळे पक्की, निजलेली समजत होते तिनं ते केलं.

इथला डोंगर तसा नाही, असं मी म्हणणार नाही. २००४ च्या जून महिन्यात ब्रोमो अचानक उसळला तेव्हा दोन माणसं मेली. २०१० मध्ये, २०१५-१६ मध्ये त्यानं पुष्कळ राख ओकली. सेमेरूनं तर डिसेंबर २०२१ मध्ये पायथ्याची गावं राखेत गाडली, ते तुम्ही टीव्हीवर बघितलंत आणि मला रात्री फोन केलात. पण इथे डोंगरावर पाळत असते. इंडोनेशियात सव्वाशेच्या वर जागे ज्वालामुखी आहेत, त्यांच्यासाठी सरकारचं वेगळं खातं आहे. रोजची कंपनं मोजतात आणि धोक्याच्या चार पायऱ्या ठरवून दिल्यात. पायरी वाढली की वर जायला बंदी. आम्ही निघायच्या आधी ते बघूनच निघालो, आणि मे महिन्यातही बघूनच निघू. तोंडापर्यंत जायला नको वाटलं तर पेनांजाकानवरून, कित्येक किलोमीटर लांबून बघू. मला तेवढ्यानंही चालेल.

आई, तुझं गणित वेगळं. जीप तुला वरपर्यंत नेते, पण बसायला ती काही आरामाची नाही. पुढच्या सीटवर तू बसायचं, पाठीला उशी घेऊ. पायऱ्या तू चढायच्या नाहीत, हे मी आत्ताच ठरवलंय, तिथे जाऊन हट्ट करू नकोस. तू खाली देवळाजवळ काकांच्या जीपमध्ये बसायचं. बापू चढतील. घोडा नको म्हणतील, मला माहितीय.

खाण्याची काळजी नको. टपरीवर केळ्याची भजी आणि भाजलेलं कणीस मिळतं. आणि इथे तेंपे म्हणून एक पदार्थ रोज खातात, शिजवलेलं सोयाबीन आंबवून त्याची वडी थापतात, मग काप करून तळतात. बापू, तुम्ही आयुष्यभर सोयाबीन बाजार समितीत पोत्यानं विकलंत, कधी घरात शिजवलं नाहीत. इथे ते इतकं लागतं की बहुतेक बाहेरून आणतात, त्यातही अमेरिकेतून जास्त. तुम्ही खाऊन बघा आणि सांगा, आपल्याकडे का नाही चालणार.

मे महिना मी तुमच्याच सोयीनं धरलाय. इथला पाऊस तोवर संपलेला असतो, तुमची नांगरट उरकलेली असते. डिसेंबरात मी बोलावणारच नाही, इथे पावसाळा आणि तुमच्याकडे येळवस. व्हिसा इथल्या विमानतळावरच मिळतो, तीस दिवसांचा, पाच लाख रुपियांना. दचकू नका, आपले तीन हजारांच्या आसपास होतात. पासपोर्ट तेवढे आत्ता काढायला हवेत. धाकट्याला मी कागदांची यादी पाठवलीय, त्यात आईच्या आधारवरचं नाव आणि शाळेच्या दाखल्यावरचं नाव वेगळं आहे ते आधी दुरुस्त करायला सांगा, नाहीतर तिथेच अडेल.

येताना शेंगदाण्याची चटणी आणा, जरा जास्तच आणा, ऑफिसातल्यांनाही लागते. बापू, बियाणं मात्र पिशवीत टाकू नका. काकांना दाखवायला म्हणून मूठभर तूर आणाल तीही विमानतळावर काढून घेतील.

कोळपणी झाली का ते कळवा. आणि तारखेचं बापूंनी स्वतः सांगायचं, आईच्या तोंडून नको.

तुमची,
अक्का