आई-बाबा, आधी पायऱ्या मोजा

ती. आई-बाबांना,
सा. न.

तुमच्या इटलीच्या सहलीत राहायला म्हणून आईने पाठवलेली चारही घरं नीट पाहिली. पोझितानोचं बाल्कनीवालं, आत्रानीतलं कमानीखालचं, सोरेंतोचं लिंबाच्या बागेतलं आणि मायोरीतलं ते दिसायला अगदीच साधं, आपल्याकडच्या सोसायटीच्या बिल्डिंगसारखं. माझं मत शेवटच्याला. का, ते सविस्तर लिहिते, कारण फोनवर निम्मं बोलणं ‘बघू गं’मध्ये जातं.

आमाल्फीच्या किनाऱ्यावर डोंगर थेट समुद्रात उतरतो. गावागावांना जोडणारा गाडीरस्ता एकच, एसएस १६३, जवळपास ५० किलोमीटरचा, आणि गावं त्याच्या वर-खाली टांगलेली. त्यामुळे नकाशावरच्या अंतराला तिथे अर्थ नाही. ‘बीच २०० मीटरवर’ असं लिहितात ते खोटं नसतं, फक्त त्यातला बराचसा भाग उभा असतो. एक पायरी १७ सेंटीमीटरची धरली, तर १५० पायऱ्या म्हणजे २५ मीटर, म्हणजे आठ मजले. दिवसातून दोनदा बाहेर पडलात तर सोळा. चढताना दम लागतो, पण आईच्या गुडघ्याला खरा त्रास उतरताना होणार, हेही धरून चाला.

पोझितानोचा फोटो सुंदर येतो, कारण तो समोरून काढलेला असतो. गावातून एकच रस्ता वळणं घेत जातो, तोही एकेरी, बाकी सगळ्या पायऱ्या. बोट तुम्हाला तळाशी सोडते, आमाल्फीकडची बस वरच्या रस्त्यावर. घर या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी, म्हणजे जाताना किंवा येताना चढ ठरलेलाच. बॅगा उचलायला हमाल मिळतात, नगावर पैसे घेतात. गुडघा मात्र कोणी उचलून नेत नाही. शिवाय दर सगळ्यांत चढे. तिथे दिवसभर बोटीने जा, खाली कॉफी प्या, परत या.

आत्रानी म्हणजे क्षेत्रफळाने इटलीतली सगळ्यांत लहान नगरपालिका, ०.१२ चौरस किलोमीटर. चौक छान सपाट आहे, पण घरं एकमेकांच्या डोक्यावर बसलेली. बाबा, पत्ता वाचायची एक युक्ती सांगते. पत्त्यात ‘सालिता’ असेल तर चढ, ‘स्कालिनाता’ किंवा ‘ग्रादोनी’ असेल तर सरळ जिनाच. ‘लुंगोमारे’ म्हणजे समुद्रकाठचा रस्ता आणि ‘कोर्सो’ म्हणजे गावातला मुख्य रस्ता. हे दोन शब्द आपल्या कामाचे. आईने निवडलेल्या आत्रानीच्या घराच्या पत्त्यात ‘सालिता’ आहे, त्यामुळे ते बाद.

सोरेंतोवर फुली मारायला मी का-कू केली. गाव वर सपाट आहे, स्टेशनापासून मुख्य चौकापर्यंत आरामात चालता येतं, काप्री बेटाची बोट मिळते. पाँपेईचे प्राचीन अवशेष बघायचे तर तिथूनच सोपं. पण गाव कड्यावर आहे, पाणी सुमारे ५० मीटर खाली. व्हिला कोमुनालेच्या बागेतून खाली बंदरावर लिफ्ट जाते, तिचं तिकीट वेगळं. खालीही वाळू जवळपास नाहीच, पाण्यावर बांधलेल्या लाकडी फलाटांवर खुर्च्या मांडलेल्या. समुद्र दिसतो, पायाला लागत नाही. नेपल्सहून सोरेंतोला येणारी चिर्कुमव्हेसुव्हियाना ही लोकल तास-सव्वा तास घेते. जुन्या गाड्यांना एसी नाही, जागा राखून ठेवता येत नाही, आणि मोठी बॅग घेऊन गर्दीत उभं राहावं लागलं तर खिसा-पाकीट सांभाळत बसायचं.

आता मायोरी. ऑक्टोबर १९५४च्या पुरात या भागाची वाताहत झाली आणि मायोरीचा बराच भाग नव्याने बांधला गेला. म्हणूनच ते फोटोत साधं दिसतं, आणि म्हणूनच तिथे लिफ्ट असलेल्या इमारती आहेत. कोर्सो रेजिन्ना हा मुख्य रस्ता झाकलेल्या नदीवरून जातो, त्यामुळे बराचसा सपाट. किनारा जवळपास एक किलोमीटर, या पट्ट्यातला सगळ्यांत लांब. तरी गुहागरची मऊ वाळू डोळ्यांसमोर आणू नका. इथली वाळू काळपट, भरड, खडीमिश्रित. पाण्यात जायचे रबरी बूट इथूनच न्या. किनाऱ्याचा बराच भाग ‘लीदो’वाल्यांकडे असतो, म्हणजे खुर्ची-छत्रीचे रोजचे पैसे. ‘स्प्याज्जा लिबेरा’ लिहिलेला तुकडा फुकट.

मायोरीतही कुठलंही घर चालेल असं नाही. तोच १६३ नंबरचा रस्ता किनाऱ्याला लागून गावातून जातो, म्हणून समुद्राकडची खोली म्हणजे रात्री उशिरापर्यंत स्कूटर. बाबांची झोप सावध, तेव्हा कोर्सोवरची आतली खोली घ्या. समुद्र पाच मिनिटांवर आहे, खिडकीतून नाही दिसला तरी चालेल.

बुक करण्याआधी मालकाला हा एकच प्रश्न, जसाच्या तसा विचारा: ‘क्वान्ती ग्रादीनी चि सोनो दाल्ला स्त्रादा आल्ला पोर्ता?’ रस्त्यापासून दारापर्यंत किती पायऱ्या? आकडाच मागा. ‘थोड्याशा’ हे उत्तर आलं तर पुढचं घर बघा. ‘लिफ्ट आहे’ यावरही थांबू नका: लिफ्ट अर्ध्या जिन्यानंतर सुरू होते का, ते विचारा. जाहिरातीत ‘पियानो रिआल्झातो’ असेल तर तो तळमजला नसतो, सहा-आठ पायऱ्या वर असतो. ‘पियानो तेर्रा’ म्हणजे खरा तळमजला. बाथरूमचे फोटो मागवा: ‘व्हास्का’ म्हणजे टब, त्याची कड ओलांडून आत जायचं. आपल्याला ‘दोच्चा’ हवा, म्हणजे शॉवर. आई, एक सुखाची गोष्ट: इटलीत घरोघरी बिदे असतं, १९७५च्या नियमानेच ते घरातल्या किमान एका बाथरूममध्ये सक्तीचं झालं. कमोडशेजारचं ते बुटकं बेसिन पाय धुवायचं नाही.

स्वयंपाकघर असेल तर शेगडी कसली आहे ते पाहा. इंडक्शन असेल तर तुझा ॲल्युमिनियमचा कुकर त्यावर चालणार नाही, इंडक्शनवर चालणारा स्टीलचा छोटा ने. आणि एसी, ओव्हन, किटली एकदम लावू नका. तिकडच्या बहुतेक घरांना ३ किलोवॅटचंच कनेक्शन असतं, जास्त भार आला की वीज जाते, आणि मीटर पुष्कळदा खाली जिन्याखाली असतो. ‘कोन्तातोरे’ म्हणजे तो मीटर कुठे आहे, हे किल्ली घेतानाच विचारून ठेवा. आपला तीन पिनांचा प्लग तिथे बसत नाही, दोन बारीक पिनांचा बसतो. मोबाइलचा चार्जर चालेल, बाकीला ॲडॉप्टर लागेल.

पोहोचायचं असं. रोमहून सालेर्नोपर्यंत थेट वेगवान गाडी, साधारण दोन तास. स्टेशनातून सरळ समुद्राकडे चाला, पाच-सात मिनिटांत पियात्सा देल्ला कोंकोर्दियाचा धक्का. तिथून मायोरीची बोट. सामानाचं तिकीट वेगळं काढावं लागतं. चढताना फळी हलते, खलाशी हात देतो, लाजू नका. समुद्र खवळला तर बोटी बंद होतात आणि सगळी गर्दी बसवर येते. म्हणून रोमहून सकाळची गाडी घ्या. बसचं तिकीट आधी ‘ताबाक्की’ म्हणजे तंबाखू-सिगारेटच्या दुकानातून काढायचं. बाबांना घाटात गाडी लागते, तेव्हा पुढची जागा धरा. समुद्र डावीकडे.

बोट, बस काहीच नको वाटलं तर सालेर्नोतच राहा. मोठं सपाट शहर, स्वस्त, हाताशी मोठं रुग्णालय. मी दुसरा नंबर त्यालाच देईन. फक्त संध्याकाळी गावातल्या बाकावर बसून लिंबाचं सरबत पिणं राहून जाईल, आणि आई त्यासाठीच चालली आहे.

तारखा सप्टेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यातल्या ठेवा. पाणी अजून कोमट असतं, ऑगस्टची झुंबड ओसरलेली असते, बोटी चालू असतात. ऑक्टोबरात पाऊस वाढतो, नोव्हेंबरात निम्मी हॉटेलं कुलूपबंद.

व्हिसासाठी राहण्याचं बुकिंग लागतं, म्हणून फुकट रद्द होणारंच घ्या. त्यात दोघांचीही नावं पासपोर्टवर आहेत तशीच हवीत. अनेकदा साइटवर फक्त बुक करणाऱ्याचं नाव येतं, दुसरं आपण घालून घ्यावं लागतं. जाहिरातीत ‘सीआयएन’ हा नोंदणी क्रमांक आहे का बघा. २०२५पासून तो सक्तीचा आहे, नसेल तर घर सोडून द्या. मालक पासपोर्ट मागेल, घाबरू नका, पाहुण्यांची नोंद त्याला पोलिसांकडे करावीच लागते. दर माणशी, दर रात्री पर्यटक कर वेगळा, बऱ्याचदा रोख मागतात.

मायोरीच्या मालकाला आज तो पायऱ्यांचा प्रश्न पाठवा. आकडा आला की मला कळवा. वीसच्या आत असेल तर बाबा, लगेच बुक करा.

तुमची,
लेक

ता. क. आई, शाकाहारी म्हटल्यावर मासे चालतात असं तिथे कोणी समजलं तर नवल नाही. ‘सेन्झा कार्ने, सेन्झा पेशे’ म्हणजे मांस नको, मासे नको, असं दोन्ही सांग.