डावीकडची दाढ

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

तुझी गाडी सुटली आणि आई म्हणाली, "पोरगी सगळी सुट्टी उजव्याच बाजूने जेवली, पाहिलंत का?" पाहिलं होतं. गार पाणी पिताना तू डोळे घट्ट मिटलेस, तेही पाहिलं. माईआत्या, नंदू सगळे जमले होते, म्हणून चारचौघांत बोललो नाही. आता एकदाच सांगतो: डावीकडची ती दाढ डॉक्टरांना दाखव.

अभ्यासाबद्दल काही लिहायचं नाही असं ठरवलंय. तू रात्र रात्र बसतेस, आपल्या घरात कुणी केलं नाही ते करतेस, हे मी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत असतो. पण जागरणात तुझा हात सारखा डब्याकडे जातो. किती गोड खाल्लं यापेक्षा किती वेळा खाल्लं, हे दातांना जास्त बाधतं. तोंडातले जंतू साखर खाऊन आम्ल सोडतात, ते शमायला अर्धा तास तरी जातो. मग लाळ दातांतून निघालेली खनिजं पुन्हा भरते. तू घटकेघटकेला तुकडा तोंडात टाकलास, तर तिला उसंत कधी मिळणार? आईने दिलेला डबा कुणाला देऊन टाकू नकोस, तिच्या मनाला लागेल. जेवणाबरोबर खा आणि झाकण लाव. झोपेत लाळ कमी सुटते, म्हणून रात्री ब्रश झाल्यावर पाण्याशिवाय काही नको. पेस्टवर फ्लोराइड १००० ते १५०० पीपीएम लिहिलंय का बघ. दोन मिनिटं घास, फेस थुंकून टाक, पण लगेच खळखळून चूळ भरू नकोस, फ्लोराइड धुऊन जातं. दोन दातांच्या फटीत ब्रश पोचत नाही, तिथे फ्लॉस, म्हणजे फटीतून फिरवायचा दोरा, हवाच.

बघ, खुशालीचं पत्र लिहायला बसलो आणि शिकवणीच घेतली. रागावू नकोस. सगळं तुला माहीत असणार.

तुझा पहिला दात पडला तेव्हा तो मुठीत घेऊन झोपली होतीस. मूठ उघडायला गेलो तर झोपेतच ओरडलीस, "माझाय!" त्याच सुमारास ही दाढ आली असणार. सहाव्या वर्षाची दाढ दुधाचा दात न पाडता, सगळ्यांच्या मागे येते, त्यामुळे घरात कुणाच्या लक्षात येत नाही. पुष्कळांना ती दुधाचीच वाटते. पण ती कायमची असते, तिच्यानंतर दुसरी येत नाही. खोल खाचांमुळे कीडही तिलाच लवकर धरते. दाताच्या वरच्या कडक थराला, इनॅमलला, नस नसते, म्हणून कीड तिथे असेपर्यंत कळत नाही. गार लागून ठणकतंय म्हणजे ती बहुधा आत उतरलीय. आता गेलीस तर कदाचित नुसतं भरून भागेल. थांबलीस तर रूट कॅनॉल.

अण्णांचं तू पाहिलं नाहीस. त्यांची दाढ ठणकायची, मग एक दिवस आपोआप थांबली. ते निश्चिंत झाले. दुखणं थांबलं होतं ते आतली नस मेली म्हणून. पुढे जबड्यात पू झाला, डोळ्यापर्यंत गाल सुजला, ताप उतरेना. त्या रात्री मी उशाशी बसून होतो. तेव्हा "बाबा, आता दुखत नाही" असं मला फोनवर सांगू नकोस. त्याचीच मला जास्त भीती वाटते.

पुन्हा तिथेच आलो. परीक्षा जवळ आहे, वेळ नाही, सगळं कळतं गं. पण ऐन पेपरच्या आदल्या रात्री ही दाढ उठली तर तुझी एवढी मेहनत वाया जाईल. या आठवड्यातच जा. पैशांची काळजी करू नकोस, पाठवतो.

आईचा आशीर्वाद. नंदूने तुझी वही पाठवलीय.

तुझा
बाबा

ता. क. डॉक्टरांनी भूल दिली तर गाल काही तास बधिर राहील. भूल उतरेपर्यंत जेवू नकोस, कळत नाही आणि गाल चावला जातो. घरून निघण्याआधीच थोडं खाऊन घे. आणि कोणत्या दिवशी जाणार ते आईला कळव, मला नाही कळवलंस तरी चालेल.