पहिल्या गेमिंग संगणकाची यादी : मित्रास पत्र

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र आणि सोबतची सुट्या भागांची यादी मिळाली. यादी बारकाईने वाचली. एसएमपीएस (संगणकाला वीज पुरवणारा भाग) सोडला तर तिच्यातला एकही भाग टाकाऊ नाही. तरीही या भागांतून उभा राहणारा संगणक तुला हवे ते गेम हवे तसे चालवू शकणार नाही, कारण जिथे पैशाने सर्वांत कमी फरक पडतो तिथेच तो सर्वांत जास्त ओतला गेला आहे. आठ कोरचा रायझन ७ ७७००एक्स प्रोसेसर, त्यावर लिक्विड कूलर, एक्स६७० चिपसेटचा (मदरबोर्डावरच्या जोडण्या सांभाळणाऱ्या चिपचा) मदरबोर्ड, आणि मग उरलेल्या रकमेत बसते म्हणून आरएक्स ६५०० एक्सटी हे ग्राफिक्स कार्ड. मॉनिटरपुढे तर तू ‘नंतर बघू’ एवढेच लिहिले आहेस. माझे म्हणणे असे, की जे नंतर बघायचे ठरवले आहेस तेच आधी ठरव. बाकीची यादी त्यावरूनच ठरते.

असे का, ते आकड्यांत सांगतो. १९२० × १०८० च्या पडद्यावर सुमारे २०.७ लाख पिक्सेल असतात, २५६० × १४४० वर ३६.९ लाख आणि फोर-के पडद्यावर जवळजवळ ८३ लाख, म्हणजे पहिल्याच्या बरोबर चौपट. हे सगळे पिक्सेल दर फ्रेमला (पडद्यावरच्या प्रत्येक नव्या चित्राला) रंगवण्याचे काम ग्राफिक्स कार्डाचे. शिवाय ६० हर्ट्‌झच्या मॉनिटरला दर १६.७ मिलिसेकंदांनी नवी फ्रेम लागते, तर १४४ हर्ट्‌झच्या मॉनिटरला ती ६.९ मिलिसेकंदांत हवी असते. प्रोसेसरचे काम मात्र पिक्सेल वाढले म्हणून फारसे वाढत नाही; त्याच्यावर ताण येतो तो सेकंदाला किती फ्रेम हव्यात यामुळे, आणि गेममध्ये एकाच वेळी किती पात्रांची व वस्तूंची हालचाल सांभाळायची आहे यामुळे. तू ज्या गेमांची नावे लिहिली आहेस ते बहुतेक कथाप्रधान, मोठ्या मोकळ्या जगाचे, डोळ्यांना सुख देणारे आहेत. सेकंदाला दोन-अडीचशे फ्रेम लागणारे स्पर्धात्मक नेमबाजीचे गेम तू खेळत नाहीस. तेव्हा १०८० किंवा, थोडे ताणता आले तर, १४४० चा मॉनिटर घे आणि फोर-केचा विचार सध्या मनातून काढून टाक.

आता ग्राफिक्स कार्ड. एकूण रकमेचा सर्वांत मोठा हिस्सा, साधारण ४० टक्के, इथे जाऊ दे. आरएक्स ६५०० एक्सटीची अडचण केवळ त्याच्या वेगाची नाही. त्यावर मेमरी ४ जीबीच आहे आणि मदरबोर्डाशी ते पीसीआय एक्स्प्रेस या जोडमार्गाच्या चारच लेनने बोलते. कार्डाची मेमरी भरली की गेम आपली टेक्स्चर (वस्तूंवर चढवायची चित्रे) मुख्य रॅममध्ये ठेवू लागतो, आणि मग त्या अरुंद वाटेवरून सगळी ने-आण सुरू होते; सरासरी फ्रेमदर कागदावर ठीक दिसतो, पण खेळताना चित्र मध्येच अडखळते. भरीला या कार्डावर व्हिडिओ एन्कोडरच नाही, त्यामुळे तुझा खेळ रेकॉर्ड करायचा झाला तर तो भार प्रोसेसरवर पडेल. आजच्या नव्या गेमांसाठी ८ जीबी ही १०८० वरची किमान पातळी समज, आणि कार्ड चार-पाच वर्षे वापरायचे असेल तर १२ किंवा १६ जीबीकडे बघ. इंटेलच्या आर्क बी५८० वर १२ जीबी मिळते, मात्र त्यासाठी बायोसमध्ये (मदरबोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये) रिसायझेबल बार, म्हणजे प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय, चालू असावाच लागतो. आरएक्स ९०६० एक्सटी ८ आणि १६ जीबी अशा दोन्ही रूपांत येते, आणि तुझ्या गरजेला त्यातले १६ जीबीचे रूप मला सर्वांत जवळचे वाटते.

इथे नावांच्या बाबतीत सावध राहा. आरटीएक्स ३०६० प्रथम १२ जीबी मेमरी आणि १९२ बिटांच्या बससह (मेमरीपर्यंतच्या वाटेच्या रुंदीसह) आले. पुढे त्याच नावाने ८ जीबी आणि १२८ बिटांचे कार्डही विकले गेले, आणि ते ठळकपणे मंद आहे. खोक्यावरचा मोठा आकडा वाचून थांबू नकोस. मेमरी किती आणि बस किती बिटांची, हे दरवेळी तपासून बघ. प्रोसेसरांतही हाच प्रकार आहे : रायझन ५ ५५०० आणि ५६०० ही नावे जुळ्या भावांसारखी दिसतात, पण पहिल्यात एल३ कॅशे (प्रोसेसरच्या आतली वेगवान मेमरी) १६ एमबी आणि दुसऱ्यात ३२ एमबी, शिवाय पहिला पीसीआय एक्स्प्रेस ३.० वरच थांबतो.

तू १४४० चा मॉनिटर घेतलास आणि एखादा गेम जड वाटला, तर अपस्केलिंग आहेच. एफएसआर (एएमडीचे) किंवा डीएलएसएस (एनव्हिडियाचे) या अपस्केलिंगच्या ‘क्वालिटी’ स्थितीत १४४० साठीचे चित्र आधी सुमारे १७०७ × ९६० वर तयार होते आणि मग मोठे केले जाते, म्हणजे प्रत्यक्ष रंगवायचे पिक्सेल साध्या १०८० पेक्षाही कमी. चित्र इतके बरे दिसते, की ही सोय वापरण्यात मला तरी कमीपणा वाटत नाही.

प्रोसेसर मात्र खाली आण. सहा कोर आणि बारा थ्रेड तुझ्या खेळांना पुरेसे आहेत. रायझन ५ ७६०० सोबत कूलर खोक्यातच येतो, त्याचे उष्णतेचे छापील माप (टीडीपी) ६५ वॉट आहे आणि त्यात साधे अंतर्गत ग्राफिक्सही आहे. पुढे कधी कार्ड बिघडले किंवा पडदा काळाच राहिला, तर दोष नेमका कुठे आहे हे शोधायला ते फार कामी येते. तुझ्या यादीतल्या ७७००एक्स सोबत कूलर येत नाही, म्हणून तो वेगळा घ्यावा लागला आणि खर्च वाढत गेला. प्रोसेसर बदलला की लिक्विड कूलर आपोआप गळेल. मदरबोर्डही बी६५० चिपसेटचा, मायक्रो-एटीएक्स आकाराचा पुरे. एक्स६७० वरच्या ज्या जादा लेन आणि पोर्ट यांचे तू पैसे देत होतास, त्यांना जोडायला तुझ्याकडे काहीच नाही. रक्कम आणखी आखडती असेल तर जुन्या एएम४ सॉकेटवरचा (सॉकेट म्हणजे मदरबोर्डावरची प्रोसेसरची जागा) रायझन ५ ५६०० अजूनही लाजवणार नाही. फक्त एवढे लक्षात घे, की एएम४ चा प्रवास संपत आला आहे आणि २०२२ मध्ये आलेल्या एएम५ वर पुढे मदरबोर्ड न बदलता नवा प्रोसेसर बसवता येईल. २०१७ मध्ये एएम४ चा बोर्ड घेतलेल्या कित्येकांनी बायोस अद्ययावत करून त्यावर २०२२ चा प्रोसेसर बसवला, हा अनुभव ताजा आहे.

रॅमची तू १६ जीबीची एकच स्टिक लिहिली आहेस. त्याऐवजी ८-८ च्या दोन घे, किंवा जमल्यास १६-१६ च्या दोन. एकाच स्टिकने मेमरीचा अर्धा रस्ता बंद राहतो. २०२५ च्या उत्तरार्धापासून मेमरीचे भाव जगभर चढले आहेत, कारण उत्पादनाचा मोठा वाटा कृत्रिम बुद्धिमत्तेच्या सर्व्हरांकडे वळला आहे. त्यामुळे ३२ जीबीचा हट्ट मी धरणार नाही. चार खाचा असलेल्या बोर्डावर स्टिक प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसवायच्या, आणि पहिल्यांदा सुरू केल्यावर बायोसमध्ये जाऊन एक्स्पो (रॅम तिच्या छापील वेगाने चालवणारी सोय) चालू करायचे. ते केले नाहीस तर ६००० च्या वेगाची म्हणून घेतलेली रॅम ४८०० किंवा त्याच्या आसपासच्या वेगाने धावत राहील, आणि तुला पत्ताही लागणार नाही.

साठवणुकीसाठी १ टीबीचा कुठलाही बरा एनव्हीएमई एसएसडी (मदरबोर्डावर थेट बसणारा वेगवान ड्राइव्ह) घे. सेकंदाला ३५०० एमबी आणि ७००० एमबी वाचणाऱ्यांतला फरक गेम उघडताना सहसा जाणवत नाही, म्हणून महागड्याच्या मागे लागू नकोस.

आता तो एसएमपीएस. खोक्यावर ७५० वॉट छापले आहेत म्हणून तू तो निवडलास. पण एसएमपीएसच्या अंगावरच्या तक्त्यात १२ व्होल्टच्या रांगेपुढे किती अँपिअर लिहिले आहेत ते वाच आणि त्या आकड्याला बाराने गुण. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोघेही तिथूनच वीज ओढतात. ३० अँपिअर असतील तर तो खऱ्या अर्थाने ३६० वॉटांचा आहे, खोक्यावर काहीही छापलेले असो. ‘८० प्लस’चे चिन्हही कार्यक्षमतेपुरतेच बोलते : भिंतीतून घेतलेल्या विजेपैकी किती आत पोहोचते, एवढेच. आतले कपॅसिटर कसे आहेत, शॉर्टसर्किट झाल्यास तो वेळेत बंद होईल का, याबद्दल ते चिन्ह काहीच सांगत नाही. तुझा सुधारलेला संगणक पूर्ण भारावर ३०० वॉटांच्या आसपास घेईल : प्रोसेसर जास्तीत जास्त ८८ (छापील ६५ ही त्याची कमाल मर्यादा नव्हे), कार्ड साधारण १६०, बाकी किरकोळ. तेव्हा ५५० किंवा ६५० वॉटांचा, तपशीलवार चाचण्या प्रसिद्ध झालेला आणि पाच वर्षांहून अधिक हमी असलेला घे. हा एकच भाग असा आहे, की बिघडला तर एकटा जात नाही. ग्राफिक्स कार्ड जुने, वापरलेले घ्यायला माझी हरकत नाही, समोर अर्धा तास चालवून बघितले म्हणजे झाले. एसएमपीएस मात्र नवाच हवा. तो मॉड्युलर, म्हणजे केबली सुट्या करता येणारा, असेल तर दुसऱ्या कुठल्याही एसएमपीएसच्या केबली त्याला लावू नकोस. टोके बसतात, पण आतल्या तारांचा क्रम वेगळा असू शकतो, आणि मग ड्राइव्ह क्षणात जळतात.

कॅबिनेटची पुढची बाजू काचेची असू नये, जाळीची असावी. हवा आत शिरायला वाटच नसेल तर कितीही पंखे लावून उपयोग नाही. रंगीत दिव्यांना माझा विरोध नाही, फक्त त्यांचा खर्च कार्डाच्या हिश्शातून निघता कामा नये.

जोडणी झाल्यावर मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डाच्या पोर्टात लाव, मदरबोर्डाच्या नव्हे, आणि विंडोजच्या सेटिंगमध्ये जाऊन १४४ हर्ट्‌झ स्वतः निवड. पुष्कळदा ते ६० वरच राहिलेले असते.

सुधारलेली यादी पाठवशील तेव्हा दोन मापे सोबत लिही : कार्डाची मिलिमीटरमधली लांबी, आणि कॅबिनेटमध्ये कार्डासाठी किती जागा दिली आहे ती. ती दोन्ही पाहिल्याखेरीज ऑर्डर देऊ नकोस.

तुझा,
अविनाश